वॉटर्लूला पाऊस पडला नाही

"सन सांगा, सन!"

सिमेंटची गोणी मागायला गेलं तरी आमचे गुरुजी आधी हेच विचारायचे. ‘मागच्या आठवड्यात नेलेलं फावडं’ असलं मोघम बोलणं त्यांच्यापुढे चालत नसे. वार, तारीख आणि साल सांगितल्याशिवाय स्टोअरचं कुलूप निघायचं नाही. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

गुरुजी वाईकडच्या एका हायस्कुलात पंधरा वर्षं इतिहास शिकवून कतारला स्टोअरकीपर म्हणून आले होते. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार. उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावात आमचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. दोह्याची बस महिन्यातून एका शुक्रवारी मिळायची. उरलेल्या शुक्रवारी करायचं काय? गुरुजींनी मेसमध्ये जेवणानंतर नेपोलियन सुरू केला.

पहिल्या दिवशी चौघं बसले होते. नेपोलियन ऑस्टर्लिट्झच्या लढाईपर्यंत पोचला तेव्हा जागेवरून भांडणं व्हायला लागली. सगळ्यांत पुढे आमचे मिस्त्री. खटावकडचे गवंडी, हाताला यश, पण अक्षरओळख नाही. छोट्या बेटावरचा, बोलण्यावरून हिणवलेला पोरगा परक्या मुलखात सम्राट झाला, हे त्यांच्या काळजालाच भिडलं होतं.

"म्हंजी आपल्यावानीच की! हेल्पर म्हणून आला आन् जनरल फोरमन झाला!"

"अठराशे चार," गुरुजी म्हणायचे.

रशियाच्या स्वारीला मात्र मेस पेटली. "थंडीत नेलाच कशाला? स्वेटर वाटले होते का?" चिपळूणचा क्रेन ऑपरेटर गुरुजींनाच जाब विचारायला लागला. आचाऱ्याने तर रागाने त्यांना ताक वाढलं नाही. नेपोलियन एल्बा बेटावरच्या कैदेतून सुटून आला, तेव्हा कुठे ताक पुन्हा सुरू झालं.

आणि त्याच आठवड्यात मिस्त्री परांचीवरून पडले. उजवा हात कोपरातून मोडला. कंपनीने व्हिसा कॅन्सल केला. खलास. शनिवारचं विमान होतं आणि शुक्रवारी वॉटर्लू.

मिस्त्री गळ्यात हात अडकवून पुढेच बसले होते. "गुरुजी, ह्ये ऐकूनच जातू. ह्यो तरी जिकू द्या."

गुरुजी म्हणजे चुकीच्या सालासाठी पोरांना बाकावर उभं करणारा माणूस. पण ते खाली बघत म्हणाले, "आदल्या रात्री पाऊस... पडला नाही. जमीन कोरडी होती. तोफा पहाटेच पुढे सरकल्या."

मी मान वर केली. मॅट्रिकला मीही इतिहास वाचला होता. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे माझा चहा संपवला. संध्याकाळपर्यंत नेपोलियन जिंकला. मिस्त्रींनी डाव्या हाताने टेबल बडवलं, आचाऱ्याने शिरा केला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी हसत विमानात बसले.

वर्षभराने मिस्त्रींच्या नववीतल्या मुलीचं पत्र आलं. "बाबांनी सांगितलं तसंच पेपरात लिहिलं. सरांनी भोपळा दिला. वर्गात सगळे हसले. खरं काय ते कळवा."

दोन दिवस गुरुजी कुणालाही साल न विचारता सिमेंट देत होते. मला त्यांची काळजीच वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं.

"चि. सौभाग्यकांक्षिणीस आशीर्वाद. तुझे सर बरोबर आहेत. पाऊस पडला होता. नेपोलियन हरला. मला हे माहीत होतं, तरी मी चुकीचं शिकवलं. हे पत्र सरांना दाखव, माझी सही आहे. शाळेत यापुढे हरला असंच लिहायचं. बाबांपुढे मात्र हा विषय काढायचा नाही."

माझे डोळे भरून आले. गुरुजींनी पत्र काढून घेतलं, पाकिटात घातलं आणि जिभेने चिकटवलं.

पुढच्या शुक्रवारी सगळे जेवून आपापल्या जागा धरून बसले. क्रेन ऑपरेटर म्हणाला, "गुरुजी, आज कोण?"

"आज कुणी नाही. मास्तराला कामावरून काढलंय."

"कुणी काढलं?"

"मी," गुरुजी म्हणाले, आणि आपलं ताट धुवायला उठले.