बारावे चिन्ह

प्रल्हादभाऊंची पहिली भेट झाली ती चंद्रपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात. मी भद्रावतीहून एसटीने मुलाखतीला आले होते आणि फार घाबरले होते. भाऊंनी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली. "बाई, चूक झाली तर सांगता का लपवता?"

"सांगते."

"पाहू," ते म्हणाले.

नदीकाठच्या गावांना पाणी वाढल्याचा इशारा मोबाइलवर पाठवणे, हे आमचे काम. त्याचा प्रोग्राम भाऊंनीच लिहिला आहे. प्रोग्राम आणि गावकऱ्यांच्या नंबरांची यादी गिट नावाच्या प्रणालीत असते. कोणी कोणती ओळ बदलली, याची नोंद तिथे राहते. भाऊंचा एक शिरस्ता आहे. यादीला हात लागला, की सिरोंच्याला मासेमारी करणाऱ्या मल्लय्यांना चाचणीचा संदेश पाठवायचा आणि फोन करून 'आला' असे ऐकायचे. एकदा पावसाळ्यात मी ते टाळले. नव्या विंडोज लॅपटॉपवर चार नंबर घातले, यादी गिटमध्ये चढवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या धरणातून पाणी सुटल्याची खबर आली. इशारा पाठवला, एकही पोहोचला नाही. प्रत्येक नंबर चुकीचा म्हणून परत येत होता. पडद्यावर तर सगळे बरोबर दिसत होते. गिट मात्र दाखवत होते, की मी यादीतली प्रत्येक ओळ बदलली आहे. मल्लय्यांचा फोन लागत नव्हता, आणि त्या वेळी ते नावेत असतात हे मला ठाऊक होते.

"भाऊ, काल यादी मी बदलली. चाचणी केली नाई."

त्यांनी कार्यालयातल्या दोघांना गावोगाव फोन करायला बसवले आणि माझ्याकडे वळले. "आता रडू नका, मोजा. एका ओळीत किती चिन्हं हायेत? डोळ्याले इचारू नका, मशीनले इचारा."

"बारा."

"दहा आकडे, ओळ संपल्याची एक खूण. अकरा पायजे. हे बारावं काऊन येऊन राह्यलं?"

विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवते. आमच्या सर्व्हरला एकच चालते. माझ्या लॅपटॉपने प्रत्येक नंबराला एक न दिसणारी खूण चिकटवली होती आणि गिटने ती तशीच पुढे नेली होती. भाऊंनी त्या खुणा काढल्या. यादी कोणत्याही संगणकावरून आली तरी गिटने ओळीच्या शेवटी एकच खूण ठेवावी, असा नियम तिथे लिहिला. पुन्हा मोजले. अकरा. मग इशारा गेला.

गावे एकेक करून कळवू लागली. मल्लय्यांचे काहीच नाही. भाऊ उभ्यानेच पुन्हा पुन्हा फोन लावत होते. त्यांना घाबरलेले मी प्रथमच पाहिले. दुपारी पलीकडून आवाज आला, "आला भाऊ. नाव काठावर ओढली. सकाळपासून झोपले होते का तुमी?"

"हो, झोपलो होतो," भाऊ म्हणाले आणि खाली बसले.

त्या दिवसाच्या नोंदीत त्यांनी लिहिले, 'हा नियम मी आधीच लिहायला हवा होता.' माझ्या चुकीबद्दल एक शब्द नाही.

आज भाऊ साठ वर्षांचे होत आहेत. यादी आता मी सांभाळते, आणि दर वेळी तीच भीती वाटते. मल्लय्यांना फोन मी लावते. 'आला' ऐकू येईपर्यंत भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे असतात. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो असे म्हणताना माझा स्वार्थ लपवत नाही. अजून पुष्कळ पावसाळे ते असेच मागे उभे असावेत.