दार उघडल्याची घंटा

आमच्या चेंबरमध्ये नवं यंत्र बसवलं त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि झेंडूचा हार घातला. सोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र उघडली नाही. ती हिंदी आणि इंग्रजीत होती, आणि मला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे वाचायची गरज वाटली नाही.

बुऱ्हाणपूरला केळीचा धंदा करणारे पुष्कळ. आमचा त्यातला लहानसा. बागेतून हिरवा माल आणायचा, प्लॅस्टिकच्या कॅरेटांत भरून थंड खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये लावायचा, गॅस सोडायचा, आणि चार-पाच दिवसांत पिवळा करून बाहेर काढायचा. सांगायला एवढं सोपं आहे. भानगड अशी की केळी पिकायला लागली की आतून तापतात. फार गार केली तर सालीवर काळपट छटा येते. तापू दिली तर साल हिरवीच राहते आणि आत गराचा लगदा होतो. वरून कळत नाही, गिऱ्हाइकाने सोलल्यावर कळतं.

हा ताप ओळखायचं काम वडिलांच्या काळापासून एका मावशींकडे होतं. नात्याच्या नव्हेत. लोधीपुऱ्यातून केळी भरायच्या कामाला आल्या आणि मी शाळेत जायचो तेव्हापासून चेंबरची किल्ली त्यांच्या कमरेला आहे. दिवसातून तीनदा दार उघडून आत जायच्या, कॅरेटांच्या फटीत हात घालायच्या, मग तोच हात उलटा करून गालाला लावायच्या आणि खोली गार करणारी मशीन कमी-जास्त करायला सांगायच्या. शाळेत असताना मीही एकदा तसा हात गालाला लावून पाहिला. मला केळीचा वास आला, बाकी काही नाही.

यंत्र आणायची कल्पना पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीची. "पप्पा, आजकल सब मोबाईलवर दिसतं. तुम्ही घरी बसून टेंपरेचर बघा." घरी बसून हा भाग मला फार आवडला. यंत्राचा डबा बायकोच्या सल्ल्याने ईशान्य कोपऱ्यात, दाराजवळ टांगला. तिथे वायफायही पोचत होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडाही दिसत होता. गार करणारी मशीनही आता त्याच आकड्यावर आपोआप चालू-बंद व्हायची. डब्यातून एक लांब वायर निघत होती, टोकाला सुई. ती उगीच लोंबू नये म्हणून मी नीट गुंडाळून रबर लावून ठेवली. माझा स्वभाव टापटिपीचा आहे.

या यंत्राला एक खोड होती. दार उघडलं की माझ्या मोबाईलवर घंटा वाजायची आणि अक्षरं यायची: दार उघडले आहे. दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात मी एकदा न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना दचकलो, आणि हनुवटीवर त्याची खूण राहिली. शेवटी मी मावशींना म्हणालो, "मावशी, आता दार उघडायची गरज नाही. दर वेळी आतली गार हवा जाते. आकडा दिसतोच की मोबाईलवर."

"मंग म्या काय करू?"

"तुम्ही बसा आरामात. आयुष्यभर केलं."

मावशी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसल्या. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, यंत्राले हार घातला अन् मले बाकड्यावर बसवलं. बसायचंच हाये तर लेकीकडे बसते. एवढा नवरात्राचा माल निघू दे, रविवारी चालली मी खकनारले."

मी म्हणालो, "असं काय करता मावशी?" पण जोर लावून म्हणालो नाही. खरं सांगायचं तर आतून थोडं हलकंच वाटलं. लहानपणापासून जी बाई तुम्हाला ओळखते तिच्यासमोर मालक होता येत नाही.

नवरात्राचा माल म्हणजे आमची परीक्षा. उपासाचे दिवस, इंदूरचा व्यापारी, पूर्ण भरलेला चेंबर. सोमवारी माल लावला, गॅस सोडला. मंगळवारी गॅस बाहेर काढायला दार उघडलं तेवढंच. बुधवारी सकाळी मावशी बाकड्यावरूनच म्हणाल्या, "भाऊ, मशीन लय गप्प हाये."

"म्हणजे चांगलंच चाललंय."

"भरल्या खोलीत मशीन गप्प कशी राहीन? आज तर तिनं बोंबलाले पाहिजे."

मी मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघा. सतरा. जेवढं पाहिजे तेवढं."

"तुह्या मोबाईलले ताप नाही आला, भाऊ. केळीले आला असंन."

मी हसलो आणि मावा जिलबी आणायला गेलो. सतरा आकडा आला की माणसाला गोड खावंसं वाटतं. रांगेत माझ्यापुढे दोघेच होते आणि घंटा वाजली. दार उघडले आहे. एक मिनिट, दोन मिनिटं, घंटा थांबेना. मी जिलबी न घेता, मनात चांगली चार वाक्यं जुळवत परत आलो.

दार सताड उघडं होतं. मावशी अगदी मागच्या भिंतीशी, कॅरेटांच्या रांगेत खांद्यापर्यंत हात घालून उभ्या. माझी चार वाक्यं निघायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बोलू नको. हात घाल."

मी हात घातला. थंडीच्या दिवसांत कोणी नुकतंच उठून गेलेल्या गोधडीत हात घालावा तसं लागलं. दाराजवळ अंगावर काटा येत होता आणि इथे ऊब. मावशींनी एक केळं मोडलं. बाहेरून हिरवं, आतून नुसता लगदा.

पुढचे दोन तास आम्ही आणि हमाल मिळून मागच्या रांगा पुढे आणि पुढच्या मागे करत होतो. मावशी सांगतील तिथे फट, सांगतील तिथे ढीग. दमल्यावर मी लेकीला व्हिडिओवर यंत्र दाखवलं.

"पप्पा, ती वायर गुंडाळून का ठेवलीय?"

"लोंबत होती."

"अरे देवा. ती सुई केळीत खुपसायची असते! डब्याला थंड हवेचा झोत लागतोय, मशीनला वाटतं सगळं गार झालं, ती बंद होते. मॅन्युअल वाचलं होतं की सीधा पूजाच केली?"

शेजारी उभी असलेली बायको म्हणाली, "पूजा नीट झाली होती." या वेळी तिने माझी बाजू घेतली की लाज घालवली, हे मला अजून कळलेलं नाही.

मी पुस्तिका उघडली. लिहिलं होतं: सुई खोलीतल्या सर्वांत गरम जागेच्या फळात बसवावी. सर्वांत गरम जागा कुठली ते पुस्तिकेत नव्हतं. ते कुठल्या पुस्तिकेत असणार? मी सुई हातात धरून मावशींकडे वळलो.

"कुठे खुपसू?"

"मोबाईलले विचार."

"तोच विचारतोय, मावशी."

त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातून सुई घेतली, रबर काढून मनगटात घातलं आणि मागून दुसऱ्या रांगेत, खालून तिसऱ्या कॅरेटातल्या एका केळात ती घातली. मोबाईलवरचा सतरा बघता बघता तेवीस झाला आणि मशीन बोंबलायला लागली. मावशी बाकड्यावर जाऊन बसल्या. "आता बरं वाटून रायलं," एवढंच म्हणाल्या.

मागच्या कोपऱ्यातली नऊ कॅरेटं फुकट गेली. बाकीचा माल वेळेवर पिवळा झाला आणि इंदूरला गेला. मी मावशींना म्हणालो, दार तुमचं, पाहिजे तेव्हा उघडा, माझं चुकलं. हे मी बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसून म्हणालो, कारण उभ्याने जमत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. तरी रविवारी पिशवी घेऊन खकनारच्या बसमध्ये बसल्या. "लेकीले शब्द देलाय," म्हणाल्या. परत कधी, ते त्या बोलल्या नाहीत आणि मला विचारवलं नाही.

किल्ली त्यांच्या कमरेलाच गेली. माझ्याकडे दुसरी होती, पण ती मी कधी वापरली नव्हती.

"किल्ली नेलीय म्हणजे येतील," बायको म्हणाली.

"विसरल्या असतील."

"मावशी? अहो, विसरतं कोण या घरात ते बघा."

पुढच्या खेपेचा माल लावायचा होता. मी सुई घेऊन चेंबरमध्ये उभा राहिलो, फटीत हात घातला, उलटा करून गालाला लावला. केळीचा वास आला. मावशींनी घातली होती तिथेच सुई घातली, पण माल वेगळ्या बागेचा, रचणारे हात वेगळे. मोबाईलवर आकडा येत होता आणि माझा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. दोन दिवस मी स्वतःच दार उघडत होतो आणि माझीच घंटा माझ्या खिशात वाजत होती.

गुरुवारी सकाळी साडेसातला मी पोहे खात होतो. घंटा वाजली. दार उघडले आहे.

मी घरात होतो. दुसरी किल्ली समोर खिळ्याला होती.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी उठलो नाही. थोड्या वेळाने मोबाईलवरचा आकडा दोन अंशांनी वर सरकला. कोणीतरी सुईची जागा बदलली होती. मी आणखी पोहे वाढून घेतले.