सामाईक गाडीतल्या आत्याबाई

शर्यतीच्या मैदानावर त्यांना लहानथोर सर्वजण आत्याबाई म्हणत असत. वास्तविक त्या एकाच माणसाच्या आत्या होत्या, आणि तो माणूस म्हणजे त्यांच्या गाडीचा मुख्य मेकॅनिक. परंतु हा भाचा दिवसभर "आत्या, आत्या" अशा हाका मारीत असे. ती हाक प्रथम शेजारच्या संघाने उचलली, मग निशाण दाखवणाऱ्यांनी, आणि शेवटी कर्ण्यावरून शर्यतीचे वर्णन करणाऱ्या निवेदकानेही. या नावाचा आत्याबाईंना एक लाभ झाला. हरलेला एखादा चालक "टायर टिकले असते तर" असे रडगाणे गाऊ लागला, की त्या शांतपणे विचारीत, "आणि आत्याबाईला मिशा असत्या तर?" पुढचे बोलणे तिथेच संपे.

त्यांच्या थोरल्या भावाचे गॅरेज होते. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर फिरवून पाहण्याचे काम त्यांनी तरुणपणीच आपणहून अंगावर घेतले. एकदा एक गिऱ्हाईक तणतणत आले. "मी ब्रेक दुरुस्तीला दिले होते. टायर झिजवून कोणी मागितले होते?" भावाने बहिणीकडे पाहिले, बहिणीने छताकडे पाहिले. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "या पोरीला काही वळण नाही."

भाऊ म्हणाला, "आई, वळणंच तर तिला छान जमतात. सरळ रस्त्यावर तिचं लक्ष नसतं."

याच भावाने एक जुनी गाडी शर्यतीसाठी सजवली आणि बहिणीला तीत बसवले. तिथून पुढे आत्याबाई टूरिंग गाड्यांच्या शर्यतीत रमल्या. या गाड्या बाहेरून चारचौघांच्या गाड्यांसारख्या दिसतात. आतून मात्र गालिचा, मागची बैठक, सारे काढून टाकलेले असते, आणि चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. शर्यत अर्ध्या तासात आटोपते. त्यामुळे कोणालाही दम धरवत नाही; दाराला दार घासतच गाड्या पुढे सरकतात. भाऊ थकल्यावर हत्यारे भाच्याच्या हाती आली. शर्यत संपली की तो दारावर उमटलेले रंग निरखीत असे.

"आज निळ्याला भेटून आलीस वाटतं?"

"त्यानेच आधी ओळख दाखवली."

"आणि हा हिरवा?"

"तो मध्ये पडला. भांडणात मध्ये पडू नये, एवढं त्याला कळायला हवं होतं."

अशा रीतीने कित्येक हंगाम गेले. कपाटात चषक जमले, आणि आत्याबाईंनी पन्नाशी ओलांडली. तेव्हा त्यांच्या संघाने गोड बोलून त्यांना नारळ दिला. घरी बसणे त्यांना ठाऊक नव्हते. पहाटे उठून त्या नातेवाइकांना स्टेशनवर सोडावयास जात, आणि नातेवाईक डोळे मिटून बसत.

भाचा तोपर्यंत दुसऱ्या एका संघात नोकरीस लागला होता. हा संघ दीर्घ पल्ल्याच्या शर्यती खेळे. त्या शर्यतीत सकाळपासून सूर्यास्तापर्यंत एकच गाडी धावते आणि दोन चालक ती पाळीपाळीने चालवतात. भाच्याने मालकांकडे आत्याचा विषय काढला. मालक स्पष्टवक्ते होते.

"आत्याबाई, तुमच्या वेगाबद्दल मला शंका नाही. तुम्ही गाडी सोडाल का, याची शंका आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या त्या शर्यतीत गाडी तुमची एकटीची असायची. इथे ती सामाईक. पाळी संपली की दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि धड द्यायची. एक शर्यत बघतो. जमलं, तर पुढचा हंगाम तुमचा. नाही जमलं, तर राग मानू नका."

आत्याबाईंनी मान डोलावली. या मालकांखेरीज त्यांना दुसऱ्या कोणीही बोलावले नव्हते, हे त्या पूर्णपणे जाणून होत्या.

त्यांचा जोडीदार वयाने अर्धा आणि उंचीने दीडपट होता. संघात त्याला शिडी म्हणत. बैठक त्याच्या मापाची होती. त्यामुळे आत्याबाईंच्या पाळीला तिच्यावर एक जाड गादी ठेवावी लागे. चालक बदलताना एकजण गादी काखोटीला मारून धावत असे. "लग्नाच्या वऱ्हाडासारखं बिछाना घेऊन फिरतोय आपण," असे भाचा म्हणे.

संघाचा इंजिनिअर हा अत्यंत काटेकोर माणूस होता. रेडिओवर बोलणे कमीत कमी असावे, म्हणून त्याने शब्द ठरवून दिले होते. चालक "येतो" किंवा "येते" म्हणाला, की गाडी त्याच फेरीत थांब्यावर येणार, आणि सर्वांनी सज्ज व्हायचे. नियम उत्तम होता. त्यात एकच उणीव होती: तो आत्याबाईंसारख्या घरंदाज बाईला सांगितला गेला होता.

शर्यतीच्या दिवशी दुपारपर्यंत सर्व सुरळीत चालले. गाडी दुसऱ्या क्रमांकावर होती. आत्याबाईंच्या पाळीच्या अजून तीन फेऱ्या उरल्या होत्या. इंजिनिअर म्हणाला, "आत्याबाई, छान चाललंय. आता मी बोलत नाही, तुम्ही रस्त्याकडे बघा."

संभाषण संपले, की निरोप घ्यावा, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. त्या म्हणाल्या, "बरं, येते हं."

थांब्यावर एकच धांदल उडाली. टायर बाहेर आले, इंधनाची नळी आली. शिडीने शिरस्त्राण चढवले. भाचा जॅक घेऊन गुडघ्यावर बसला. सर्वांच्या नजरा वळणाकडे लागल्या असता आत्याबाई समोरच्या सरळ रस्त्यावरून भर वेगात निघून गेल्या.

"ही कुठे चालली?" मालक ओरडले.

इंजिनिअर पांढराफटक पडला. "येते म्हणाल्या होत्या."

भाच्याने जॅक खाली ठेवला. "अहो, ते निघताना म्हणतात तसं म्हणाली ती. तुमच्या घरी कोणी उठताना 'जाते' म्हणतं का?"

मालकांनी मात्र निराळाच अर्थ घेतला. ते पुटपुटले, "मी म्हटलंच होतं. नाही सोडायची ही गाडी."

सर्व सामान पुन्हा आत गेले. शिडीने शिरस्त्राण काढले आणि तो स्वच्छतागृहात गेला. तीन फेऱ्या होत आल्या. आत्याबाई ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, "येते."

पोळलेला इंजिनिअर मायेने म्हणाला, "हो, हो, या सावकाश." आणि त्याने कोणालाही उठवले नाही.

गाडी थांब्यावर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या स्वागताला भाच्याचा चहाचा कप तेवढा पुढे होता. मग पळापळ झाली. इंधन भरले गेले, चाके बदलली गेली. पण शिडीचा पत्ता नव्हता. इंजिनिअर खिडकीशी वाकून म्हणाला, "आत्याबाई, नियमाप्रमाणे तुम्हाला अजून एक पाळी चालवता येईल. निघा!"

शेजारून एक गाडी गेली, मग दुसरी. आत्याबाईंचा उजवा पाय शिवशिवला. पुढे गेलेल्यांना गाठणे त्यांना सहज शक्य होते. निदान त्यांना तरी तसे वाटत होते. त्यांनी मालकांकडे पाहिले. मालक हाताची घडी घालून उभे होते.

आत्याबाईंनी पट्टे सोडले आणि त्या खाली उतरल्या. तिसरी गाडीही निघून गेली.

"अगं आत्या, काय करतेस?" भाचा कळवळला.

"पाळी त्याची आहे. माणूस आहे, गेला असेल. तू गादी काढ."

शिडी धावत आला तो अंगावरचा पोशाख अर्धवट चढवलेल्या अवस्थेत. आत्याबाईंनी स्वतः त्याचे पट्टे आवळले. "क्लच जरा उशिरा धरतोय. बाकी गाडी धड आहे," त्या म्हणाल्या. "आणि घाई करू नकोस."

"आत्या, हे तुम्ही सांगताय?"

"आजपासून सांगतेय. नीघ."

संध्याकाळी गाडी पाचवी आली. इंजिनिअरने भिंतीवरचा नियमांचा कागद उतरवला, "येतो, येते" हे शब्द खोडले आणि तिथे "आत" असे लिहिले. मालक गादी हातात घेऊन आत्याबाईंपाशी आले.

"तुमच्या येण्यापायी तीन गाड्या पुढे गेल्या."

"गेल्या खऱ्या."

"ही गादी नको आता. पुढच्या आठवड्यात कारखान्यात या, तुमच्या मापाची, चटकन बसवता-काढता येणारी बैठक ओतून घेऊ. हंगामभर रोज कोण बिछाना वाहणार?"

आत्याबाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले, आणि पुन्हा काढले.

पुढच्या आठवड्यात त्या कारखान्यात गाडीच्या रिकाम्या सांगाड्यात बसल्या. पाठीमागे मोठी पिशवी होती. तीत भाच्याने फेसाचे रसायन ओतले. ते उबदार होऊन फुगू लागले आणि पाठीचा, खांद्यांचा आकार घेऊ लागले.

"हात स्टिअरिंगवर, नजर समोर. आता घट्ट होईपर्यंत हलायचं नाही," भाचा म्हणाला.

"किती वेळ?"

"विचारायचंही नाही. बोललीस की बरगड्या हलतात."

काही क्षण गेले. "अरे, नाक खाजतंय."

"खाजू दे."

शिडी दारातून वाकला, त्याने लांबलचक हात आत घातला आणि अत्यंत आदराने त्यांचे नाक खाजवून दिले. आत्याबाईंनी डोळ्यांनीच आभार मानले आणि त्या मुळीच हलल्या नाहीत.