डावीकडे अडकलेली मान

गडचांदूरहून निघाले तेव्हा माझी मान सरळ होती, हे आधीच नोंदवते. खांद्यावर पत्रकांची पिशवी. मथळा ठळक: ‘एक्स-रेशिवाय मालिश नको!’ मोडलेलं हाड चोळल्यानं माणसांचे हात जन्मभर वाकडे राहतात आणि कोणी ब्र काढत नाही! कुरखेड्याजवळच्या एका गावात सोमारीबाई सांधे चोळून देते. तिला जाब विचारायचा आणि चार वाजता ग्रामसभेत बोलायचं, असा बेत होता.

एसटीत पिशवी गळ्यातच ठेवून झोपले. (पत्रकं चोरीला जातील ही भीती फक्त मलाच वाटू शकते.) मूल गावाच्या पुढे गाडीनं गचका खाल्ला. जागी झाले तर मान डावीकडे अडकलेली. म्हणून या प्रवासवर्णनात फक्त डाव्या बाजूचा निसर्ग आहे. वैनगंगा मी अर्धीच पाहिली: वाळू, टरबुजाच्या वाड्या, एक बगळा. उजवीकडे पाणी बरंच आहे, असं शेजारच्या भाऊंनी सांगितलं. त्यांचा चेहरा मी शेवटपर्यंत पाहिला नाही.

गावात शिरताच एकानं विचारलं, “काऊन मॅडम, कोणाले पाहून राह्यल्या?”

अंगणाअंगणांत मोहफुलं वाळत होती. सोमारीबाईच्या ओसरीवर टोरीचं तेल (मोहाच्या बियांचं) तापत होतं आणि भिंतीवर माझंच पत्रक चिकटवलं होतं! गेल्या महिन्यात कोणीतरी बाजारात वाटलेलं. समोर सुजलेलं मनगट धरून फुलवंता नावाची बाई बसली होती.

“फोटो काढल्याबिगर म्या हात लावत नाई,” सोमारीबाई तिला सांगत होती. “सुनेनं कागद वाचून देल्ला मले.”

मी जाब गिळला. हळूच म्हटलं, “बाई, माझी मान तेवढी बसवून द्या. चारला सभा आहे.”

“फोटो कुठी आहे?”

“हाडाचं काही नाही हो. नुसती आखडलीय.”

“असंच सारे म्हणतेत.”

“अहो, हे पत्रक मीच लिहिलंय!”

“मंग तुमी तं पहिले पाळा.”

तिनं मला भात आणि अंबाडीची भाजी वाढली. मान मात्र तशीच ठेवली.

सभा चिंचेखाली. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. एरवी मी पुरुषांकडे बघूनच बोलते, माईक नेहमी त्यांच्याच हातात असतो. आज इलाज नव्हता. सगळं भाषण बायांना ऐकवलं. त्या आधी हसल्या, मग ऐकू लागल्या, मग फुलवंता उठली.

“मॅडम, फोटो काढाले वडश्याच्या दवाखान्यात जाचं म्हणता. सकाळचा मोह कोण वेचन? आन् असा हात घेऊन एसटीत लटकाचं कसं?”

“म्या मनाई केली तं एकबी गेली नाई,” सोमारीबाई म्हणाली. “घरीच कन्हून राह्यल्या.”

पत्रकात मी गाडीबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. संताप आला, पण तो कोणावर काढायचा हे कळेना. वळता येत नव्हतं, म्हणून चिंचेच्या खोडाकडे बघतच ओरडले, “गाडी कोणाकडे आहे?”

उजवीकडे बराच वेळ खोकण्याचेच आवाज. मग एक पुरुषी आवाज आला: “उद्या माही गाडी वडश्याले जाते. नेतो.”

“आन् मोह?” फुलवंतानं विचारलं.

“तुया वाटचा आमी वेचतो,” बाया म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धानाच्या पोत्यांवर बसून आम्ही दोघी गेलो. फुलवंताच्या मनगटात तडा निघाला. प्लास्टर झालं. माझ्या मानेत काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी शेक, थोडे व्यायाम आणि पिशवी उतरवून ठेवायला सांगितलं. फुलवंता म्हणाली, “कागदानंच मोडली म्हना की मान!”

परतताना वैनगंगेची उरलेली अर्धी बाजू पाहिली. खरंच पाणी बरंच होतं. मान आता सरळ आहे. सभेत उभी राहिले की मी तरीही आधी डावीकडे वळते, मुद्दाम, आणि गाडीचं काय करायचं ते आधी विचारते. पत्रकं नंतर वाटते.