हंसाच्या गोळ्या दर्यावर गेल्या

हंसा माझी सून, जतीनची बायको. चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या बायकांत तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. आणि मी काही सुनेचं कौतुक करत फिरणारी सासू नाही, कुणालाही विचारा. एका ओल्या बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या मांडवाच्या दोरीला, टांगायची. काम एवढंच. पण पाटी रिकामी होईस्तोवर हात वर आणि मान वर. हंसा ते करता करता अख्ख्या आळीच्या बातम्या सांगायची.

नारळी पुनवेनंतर बोटी दर्यात गेल्या आणि हिला थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घातल्या, वर मी बसले, तरी खाट हलत होती. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, उठून भाकरी थापली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या आळीत भाविनी आशाताईचं काम करते. तिने बोटाला सुई टोचली आणि म्हणाली, मलेरिया. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आल्या. काही दोन-तीन दिवसांच्या, काही तपकिरी, दोन आठवड्यांच्या.

"ताप गेला तरी थांबायचं नाही हां, हंसावहिनी."

"नाही गं बाई थांबत."

ताप गेला आणि ही थांबली.

फेकल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण आमच्याकडे औषध फेकत नाहीत. बोटीवर एक प्लास्टिकचा डबा असतो. काडेपेटी, बाम, सुई-दोरा आणि आळीतल्या घराघरांत उरलेल्या गोळ्या त्यात जातात. तिथे दर्यावर कुठला आलाय डॉक्टर? जतीन नारू तांडेलाच्या बोटीवर खलाशी आहे; बोटीचा मालक नारू आणि ती हाकणाराही तोच. जतीन निघाला तेव्हा हंसाने उरलेल्या दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या फडक्यात बांधून त्याच्या हाती दिल्या. "तापावरच्या आहेत. मला आता काही होत नाही. तुमच्यातल्या कुणाला तरी लागतील." आमच्यात ह्याला शहाणपण म्हणतात.

आणि लागल्याही. लडक्या म्हणून एक खलाशी आहे, तलासरीकडचा. त्याला दर्यावर ताप आला. नारू तांडेलाने डब्यातल्या दोन गोळ्या दिल्या, ताप उतरला. बोट परत आली तेव्हा नारू किनाऱ्यावरूनच ओरडला, "वहिनी, तुम्ही तर डॉक्टरीण!" हंसा दोन दिवस तोऱ्यात होती.

दिवाळी झाली, बोंबील यायला लागला आणि ताप परत आला. पहिल्यासारखा जोराचा नाही, पण एक दिवसाआड, ठरल्यासारखा. हंसाने त्याच्याशी जमवून घेतलं. ताप नसेल त्या दिवशी बाजार, ताप असेल त्या दिवशी सकाळी टांगायचं आणि दुपारी वलांडीखालीच वाळूत आडवं व्हायचं. बायका विचारायच्या, "उद्या येतेस का डहाणूला?" ही म्हणायची, "उद्या ताप आहे, परवा येते." जसं काही पाहुणे येणार आहेत.

हळूहळू तिच्या बातम्या बंद झाल्या. टांगायला दम लागायचा, मग बोलणार कशाने? डाव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणायची. शेजारची तानी एकदा म्हणाली, "हंसे, गोरी झालीस गं! काय लावतेस?"

"दुखणं लावते. देऊ थोडं?"

मी जीभ बघितली. पांढरी, धुतलेल्या पापलेटासारखी. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, जतीन आल्यावर जाऊ. जतीन यायच्या आधी ती पाटीसकट खाली आली. तानीने रिक्षा बोलावली.

डहाणूला दवाखान्यात डॉक्टरीण होती, वर्षा नावाची, माझ्या नातीच्या वयाची. मी आधीच्या मलेरियाचं सांगितलं. तिने हंसाची खालची पापणी ओढून बघितली, पोट दाबलं, रक्त काढून तपासलं. मग मला बाहेर बोलावलं.

"आजी, रक्त फार कमी झालंय. आजच चढवावं लागेल. उशीर केला तर हृदयावर ताण येईल."

"बाई, जखम नाही, काही नाही. मग रक्त गेलं कुठे?"

ती थकलेली होती, बाहेर रांग होती, तरी तिने सांगितलं. मलेरियाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो. आतलं खातो, आत पोरंबाळं वाढवतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. खूप पेशी एकदम फुटल्या की थंडी वाजून ताप येतो. तोवर पोरं दुसऱ्या पेशींत शिरलेली असतात. बरं वाटतं त्या दिवशीही आत त्यांचं काम चालूच.

"म्हणजे घरात शिरायचं, जेवायचं, निघताना भिंत पाडायची," मी म्हटलं.

"अगदी तसं. आणि मोडलेला माल उपसता उपसता पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजते. तेच ते डाव्या बाजूचं जड. काही जंतू यकृतात झोपून राहतात, महिन्यांनी उठतात. तपकिरी गोळ्या त्यांच्यासाठी होत्या. सगळ्या घेतल्या होत्या ना?"

आत येऊन तिने हंसाला तेच विचारलं. हंसा भिंतीकडे बघत म्हणाली, "बोटीवर दिल्या."

"कुठल्या बोटीवर?"

डब्याचं, लडक्याचं सगळं मी सांगितलं. ती हसली नाही, ओरडलीही नाही. मग म्हणाली, "म्हणजे तोही अर्धाच बरा झालाय. आणि ती तपकिरी गोळी सगळ्यांच्या रक्ताला चालत नाही, आजी. काहींचं रक्त तिनेच फुटतं. आधी तपासावं लागतं."

रक्ताची पिशवी लागली. थेंब थेंब पडत होतं, मी बाकावर बसून बघत होते. हंसा म्हणाली, "आये, कुणाचं असेल हे?"

"असेल कुणाचं तरी. बोंबील खाणाऱ्याचं असलं म्हणजे झालं."

ती हसली. हसायलाही तिला दम लागला.

ती गोळी हिच्या रक्ताला चालते का ते तपासून पुन्हा गोळ्या दिल्या. घरी आलो. बोट आली, पुन्हा निघायची वेळ झाली, आणि नारू तांडेल दारात उभा राहिला. लडक्याला परत ताप होता.

"वहिनी, डब्यात तापाचं काही राहिलं नाही. तुमच्याकडच्या चार द्या, जाऊन येतो."

पट्टी फळीवर समोरच होती. जतीन खाली बघत होता, मालकाला नाही कसं म्हणणार? हंसाने आजवर दारातून कुणाला रिकामं पाठवलेलं नाही, तेच तिचं दुखणं.

"नाही देणार," ती म्हणाली. आवाज बारीक, पण भिंतीला न टेकता उभी होती.

"दर्यावर पोरगा आडवा झाला तर?"

"त्याला दर्यावर नेताच कशाला? भाविनीला बोलवा. त्याचं रक्त तपासा, तुमचं तपासा, ह्यांचंही. ह्या गोळ्या माझ्या आहेत, नारूभाऊ. मला जगायचंय."

नारू रागावला. बायका हल्ली डॉक्टरच्या नादी लागल्या, असं काहीतरी पुटपुटत गेला. पण संध्याकाळी भाविनी धक्क्यावर गेलीच. वादळात बोट हाकणारा नारू, सुई दिसली तशी त्याने मान फिरवली. लडक्याच्या रक्तात जंतू निघाले. तो किनाऱ्यावर राहिला, त्याला त्याच्या स्वतःच्या गोळ्या मिळाल्या. नारू अजून हंसाशी नीट बोलत नाही.

हंसाने गोळ्या पुऱ्या केल्या. मागच्या आठवड्यात तपासलं, जंतू नाहीत. रक्त वाढतंय, पण सावकाश. डॉक्टरीण म्हणाली, फुटलेलं भरायला वेळ लागतो. अर्धी पाटी टांगून झाली की हंसा खाली बसते, मग उरलेली अर्धी मी टांगते. माझे हात आता वर जात नाहीत, म्हणून खालच्या दोरीला टांगते. आज दुपारी ती घरात झोपली होती, मी वलांडीखाली काठी घेऊन कावळे हाकत बसले. दोन बोंबील त्यांनी नेले. नेऊ देत, उठायचा कंटाळा आला होता.