केशरी गाडीतली बारीक शिट्टी

भिंतीलाही कान असतात म्हणतात. आमच्या घरात भिंतींना कधी ते कष्ट पडले नाहीत, कारण आमचे हे होते. मी स्वयंपाकघरात यांच्या नावाने बोटं मोडावीत आणि यांनी फाटकातून उत्तर द्यावं, असा आमचा संसार. गॅरेजात तर यांच्या कानाचा दराराच होता. गाडीचा आवाज ऐकायचा म्हटलं की रेडिओ बंद, हवेचा पंप बंद, कुणी खोकायचंसुद्धा नाही. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते सांगायचे. उघडलं की तेच निघायचं. मला या माणसाचा अभिमान होता, पण तोंडावर कधी बोलले नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला गिऱ्हाइकं होतीच.

मग दातांची एक डॉक्टरीण तिची केशरी स्पोर्ट्स कार घेऊन आली. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी, जमिनीला चिकटलेली. चालू केली की बारीक शिट्टी येते, वेगाबरोबर वाढते, म्हणाली. यांनी गाडी फिरवून आणली, खाली झोपून पाहिली आणि काही नाही म्हणून परत दिली. ती पुन्हा आली. शनिवारी वडिलांना घेऊन डोंगरातल्या रस्त्याने जायचंय, म्हणून या वेळी गाडी ठेवूनच गेली. तिची पाठ वळल्यावर हे चिडले. बाईचे कानच वाजतात म्हणाले.

मी डबा घेऊन गेले होते. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मी खरं तेच सांगेन म्हणून यांनी मलाच शेजारी बसवलं. इंजिन सुरू झालं आणि शिट्टी थेट माझ्या कानात घुसली. हे डोळे मिटून ऐकत होते. चेहरा अगदी निवांत.

"बघ, आहे का काही?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? शब्द ओठांवर आलाही होता. पण तो डोंगरातला रस्ता आणि त्या पोरीचे वडील डोळ्यांसमोर आले.

"आहे," मी म्हटलं. "बारीक आहे, पण सारखी आहे."

चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत.

"कशी? करून दाखव."

मी ओठांचा चंबू करून तशीच शीळ घातली. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"कर ना," म्हणाले.

मी करतच होते.

यांना कळलं, हे मला कळलं. यांनी क्लच दाबला आणि विचारलं, आता? थांबली, म्हटलं. सोडला. आता? आली. असं दोन-तीनदा केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, गिअरबॉक्सचं बेअरिंग. उघडलं तर तेच निघालं. डॉक्टरीण गाडी न्यायला आली तेव्हा यांच्या कानाची तारीफ करून थकली. हे हात पुसत मान खाली घालून उभे होते.

आता संध्याकाळी आम्ही दोघंच बसलेले असतो. मी गप्प असते. हे एकदम दचकून वर बघतात आणि विचारतात, "काही म्हणालीस का?"

मी काहीच म्हणालेली नसते. तरी हो म्हणते, आणि मोठ्याने काहीतरी बोलते.