फटफटीच्या पोटातलं करडीचं तेल

आमची फटफटी लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेल्या गाड्यांतली. मी तेव्हा गिरणीत मागांचा जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम होतो, अंगात रग होती, घेतली. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि मी ती ओसरीत उभी केली, ती सात वर्षं तशीच राहिली. दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी बायको गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पोरगा म्हणाला, ओसरीत यंत्रमाग बसवायचाय, रविवारी भंगारवाला येतोय.

त्याचं काही चुकलं नव्हतं. इंजिन जाम झालं होतं, किकवर उभं राहिलं तरी दगडावर उभं राहिल्यासारखं. मी म्हणालो, रविवारपर्यंत किक खाली गेली तर गाडी राहील, नाही गेली तर ने. तो बरं म्हणाला.

लोखंडाची मला माया नव्हती. आमच्या वेळी नवराबायको रस्त्यानं बरोबर चालत नसत. मी पुढं, ती दहा पावलं मागं. घरात मी जेवून उठल्यावर ती बसायची. चारचौघांत तिचा हात माझ्या खांद्याला लागला तो फक्त त्या फटफटीवर. मैंदर्गीला तिच्या माहेरी जाताना ती मागं एका अंगाला बसायची आणि वाटभर कानडीत बोलत राहायची. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नसे. मी आपली मान हलवायचो. काय बोलायची ते कधी विचारलं नाही, आणि आता विचारून उपयोग नाही.

गिरणीत माझ्याबरोबर काम केलेला एक म्हातारा मिस्त्री होता, त्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, किक दाबून बघितली आणि म्हणाला, "जॉबर, तुझ्यावरच गेलीय ही. ढिम्म."

जंग धरला असणार असं धरून आम्ही प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं आणि तीन दिवस मुरू दिलं. त्या तीन दुपारी मी गाडीशेजारी पोतं टाकून पडायचो. बाहेर ऊन असं की समोरची भिंत पाण्यात असल्यागत हलायची. शेजारच्या माळ्यावर माग चालायचे, त्या ठेक्यात डोळा लागायचा आणि रस्ता सुरू व्हायचा. दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं, करडीची पिवळी रानं, खांद्यावर हात. जाग आली तरी खांदा थोडा वेळ जड राहायचा. मी हलायचो नाही.

शनिवारी सकाळी मिस्त्रीनं वरचं हेड उतरवलं. पिस्टन निम्म्यात अडकला होता. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकलं, हलला नाही. मग मिस्त्रीनं कडेला नख फिरवलं. तांबडा जंग निघायचा तर मधासारखं पिवळं, चिकट काही नखाला आलं. त्यानं नाकाला लावलं आणि बोट माझ्यापुढं धरलं.

"हा जंग न्हाय बाबा. हुंग."

मी हुंगलं. करडीचं तेल. खवट झालेलं, पण करडीचंच. मिस्त्री म्हणाला, करडीचं तेल वाळलं की त्याचा डिंक होतो, दारखिडक्यांना रंग देणारे म्हणून तर ते वापरतात. कुणी शहाण्यानं ओतलं?

सून भाकरी थापत होती. ती हात तसेच घेऊन दारात आली.

"मामंजी, आत्याबाई घालायच्या. दर अमावस्येला एक पळी. तुम्हीच म्हणाला होता म्हणं, तेल सोडलं नाही तर लोखंड धरतं."

म्हणालो होतो. गाडी उभी केली त्या दिवशी. मला म्हणायचं होतं गाडीचं तेल. ती बाई स्वयंपाकघरातली, घरात होतं ते तेल घातलं. वर देवाला दिवा लावायची आणि खाली येऊन प्लगच्या भोकातलं बूच काढून हिला पाजायची. मी त्या वेळी कामावर.

मी सुनेला विचारलं, दुष्काळात पण?

"तेव्हा पण. त्यांच्या वाटणीचं घालायच्या."

त्या वर्षी शेंगाचटणीवर तेल नाही म्हणून मी ताट सरकवलं होतं.

मिस्त्री पिशवीतून पट्टी काढून खरवडायला बसला. मी त्याचा हात धरला. त्याला वाटलं मला चक्कर आली. मी म्हणालो, थांब, नको काढू. ते तेल तिथं राहिलं तर उद्या गाडी जाणार. गाडी ठेवायची तर तिच्या हातचं ते शेवटचं पुसायला लागणार. मिस्त्रीला हे सांगायची मला लाज वाटली, पण तो समजला असावा. त्यानं पट्टी ठेवून बिडी पेटवली.

ती गेली तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घातलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभा होतो, पुरुषाचं ते काम नाही म्हणून.

मी सुनेला पाणी तापवायला सांगितलं. फडकी कढत पाण्यात बुडवून सिलिंडरला बाहेरून गुंडाळली, गार झाली की पिळून पुन्हा. आत रॉकेलचा बोळा फिरवत राहिलो. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. जेवणवेळ टळली. हळूहळू ते पिवळं सुटून माझ्या बोटांवर आलं. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक धरून पुढंमागं डुलवत राहिलो, झोळी हलवावी तसं. जोर केला नाही. कधी सुटलं ते कळलं नाही. चाक जरा जास्त पुढं गेलं, मागं आलं, आणि पिस्टन खाली उतरला.

मिस्त्री म्हणाला, "गेला की." मी फडक्यानं तोंड पुसलं. फडकं रॉकेलचं होतं, डोळे चुरचुरायला तेवढं निमित्त झालं.

दिवेलागणीला पोरगा आला. त्यानं किकवर हात ठेवून दाबलं. ती मऊ खाली गेली. त्यानं पुन्हा एकदा दाबून बघितलं. सुनेनं त्याला दारातच सगळं सांगितलं होतं बहुतेक, कारण माझ्याकडं न बघता तो दोरी घेऊन मागच्या खोलीत गेला आणि मागासाठी तिथली भिंत मोजायला लागला. दोरीचं दुसरं टोक धरायला मी गेलो.